गावंडे मॅडमचं ऊन

आमच्या घरी विजेचं मीटर नव्हतं. रायपूरच्या गुढियारीत मालधक्क्याच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा धक्क्यावर पोती उचलायचे आणि आई घरी बसून बिड्या वळायची. घरात एकच बल्ब, तोही शेजारच्या काकींच्या लाइनीवर. तार भिंतीच्या भोकातून आमच्याकडे यायची, पण बटन काकींच्या घरात. आईचं आणि काकींचं नळावर वाजलं की आमच्याकडे अंधार. म्हणून माझी परीक्षा जवळ आली की आई नळावर इतकं गोड बोलायची की काकींना संशय यायचा. पावसाळ्यात धक्क्यावर काम कमी असायचं. तेव्हा सकाळी बासी, म्हणजे आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवून, आणि संध्याकाळीही तोच. त्या भाताचं मला आजही वावडं नाही. कमीपणा तर मुळीच वाटत नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा मी शाळेत होते. रस्ते रुंद झाले, शंकर नगरकडे ऑफिसांच्या पाट्या लागल्या, लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या. आमच्या गल्लीत राजधानी यायला बराच वेळ लागला. पण मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी पहिली मीच. हे मी कोणी न विचारता सांगते, आणि पुढेही सांगणार आहे.

पदवी मिळाल्यावर काही वर्षं इकडेतिकडे काढली आणि मग शंकर नगरातल्या एका संस्थेत लागले. खेड्यापाड्यांत आरोग्याचं काम करणाऱ्या बायांना ही संस्था शिकवायची. इकडे त्या बायांना मितानीन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले, तर टेबलामागच्या एका उंच, सावळ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती आहे?"

मी माझे बी.एस्सी.चे टक्के सांगितले.

"ते मले काय करायचे? मोबाइलचं विचारून राहिली मी."

मी मोबाइल बघितला. बॅटरीची लाल रेघ दिसत होती. बाईंनी टेबलाखालून एक वायर ओढली, माझा मोबाइल हातातून घेतला, लावला, आणि मगच म्हणाल्या, "आता बस. नाव सांग."

या गावंडे मॅडम. मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा रायपूरला रेल्वेत होता म्हणून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. ब्राह्मणपाऱ्यात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, गच्चीसकट. ऑफिसात हिंदी, खेड्यात छत्तीसगडी आणि रागात वऱ्हाडी, असा त्यांचा हिशेब होता. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, ऑफिसात मॅडम म्हण, दौऱ्याच्या जीपमध्ये काकू म्हण. एकदा मी आमच्या ऑफिसच्या साहेबांसमोर चुकून काकू म्हटलं, तर त्या मान न वळवता म्हणाल्या, "आपण अजून जीपमध्ये बसलो नाही."

"किती आहे?" हा त्यांचा नमस्कार होता. कोणी कसं आहे हे त्या कधी विचारायच्या नाहीत. ज्याच्या फोनमध्ये चार्जिंग आहे त्याचं घर नीट चाललेलं आहे, असं त्यांचं मत. ज्याच्यात कधीच नसतं त्याला मुलगी देऊ नये, असंही त्या म्हणायच्या, आणि एका ओळखीच्या स्थळाबद्दल त्यांनी खरंच तसा निरोप पाठवला होता.

मॅडमच्या खांद्यावर एक मोठी रेक्झिनची पिशवी असायची. बाकीच्या बायकांच्या पिशवीत कंगवा, रुमाल, औषधं असतात. मॅडमच्या पिशवीत एक एक्स्टेंशन बोर्ड, वायरींची वेटोळी आणि विटेएवढ्या जाड दोन पॉवरबँका. ढाब्यावर जीप थांबली की आम्ही चहा सांगायचो आणि त्या सॉकेट शोधायच्या. गल्ल्यावरचा माणूस नाही म्हणाला की त्या त्याच्या आईची तब्येत विचारायच्या. तेवढ्यात वायर लागलेलीसुद्धा असायची.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दौऱ्यावर निघायचं होतं, म्हणून मॅडमनी स्टेजच्या मागे, नवरानवरीच्या सिंहासनाच्या बरोबर पाठीशी, एका बोर्डात पॉवरबँक लावून ठेवली. जेवण झालं, निघायची वेळ झाली, तेव्हा वर फोटोंचा कार्यक्रम चालू होता. मॅडम थांबल्या नाहीत. मागून वाकून शिरल्या. पुढे अल्बम आला, तर त्यात मुलीच्या सासरच्या सगळ्या मोठ्या माणसांच्या मधोमध, नवरीच्या कमरेजवळून, गावंडे मॅडमचं डोकं बाहेर आलेलं. चेहऱ्यावर समाधान. त्या मुलीच्या सासूबाई अजून विचारतात म्हणे, या कोणाकडच्या.

एवढी धडपड ज्यासाठी होती तो म्हणजे टॅब. आधी आम्ही मोठे रंगीत तक्ते घेऊन जायचो. बाळाला ऊब कशी द्यायची, अंगावर कसं पाजायचं, कोणतं लक्षण दिसलं तर थांबायचं नाही, सगळं चित्रांत. तक्त्यावरचं बाळ गोरं, गुबगुबीत, डबल हनुवटीचं. गावातल्या बाया ते बघून हसायच्या. हे कोणत्या सेठाचं बाळ, म्हणायच्या. मग संस्थेला टॅब मिळाले आणि मॅडमनी धमतरीच्या पुढच्या जंगलातल्या गावांत जाऊन तिथल्याच बायांना घेऊन, त्यांच्याच बोलीत छोट्या फिल्मा बनवल्या. स्वतः उभं राहून. ओळखीची बाई, ओळखीची झोपडी आणि आपल्यासारखं काळंसावळं किडकिडीत बाळ पडद्यावर बघितलं की बाया हसायच्या थांबायच्या. बघायच्या. पुन्हा लावा म्हणायच्या.

अडचण एकच होती. ज्या गावांसाठी त्या फिल्मा होत्या, त्या गावांत वीज नव्हती. काही ठिकाणी खांब होते, त्यावर माकडं बसायची. आमचा मुक्काम तीन-चार दिवसांचा असायचा, कारण बाया शेतातून, जंगलातून येतील तशा टोळ्याटोळ्यांनी बसायच्या. पहिल्या दिवशी टॅब छान चालायचा, दुसऱ्या दिवशी धापा टाकायचा, तिसऱ्या दिवशी मॅडम त्याच फिल्मा स्वतः करून दाखवायच्या, बाळाच्या जागी उशी घेऊन.

ऑफिसातल्या साहेबांना हे पटत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना काम न होता परत आलेली वस्तू सहन व्हायची नाही. दौऱ्यावरून बंद टॅब परत आले की ते असे हातात घ्यायचे, जसं काही आम्ही त्यांना तहानेनं मारलं. शेवटी त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, की पुढच्या दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी मी स्वतः येणार. तेव्हा टॅब चालू दिसला नाही, तर सगळे टॅब रायपूरच्या वस्त्यांना द्यायचे आणि जंगलात पुन्हा तक्ते न्यायचे.

"मैडम, फिल्म अच्छी है, मैं मानता हूँ," ते म्हणाले, "लेकिन वहाँ बिजली कहाँ से लाओगी?"

मॅडम म्हणाल्या, "ऊपर से, सर."

साहेबांना वाटलं देवावर हवाला ठेवला. मॅडमचं बोट छताकडे नव्हतं, खिडकीकडे होतं. बाहेर रायपूरचं ऊन पडलेलं होतं, जे इथे कोणालाच नको असतं.

सोलर पॅनेल घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. घडीचं, पुस्तकासारखं उघडणारं, जाड कापडावर काळे चौकोन शिवलेलं. दुकानदार पुठ्ठ्याच्या डब्यावर लिहिलेलं वाचून दाखवत होता, इतक्या वॅटचं आहे, इतक्या तासांत भरतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पॅनेल घेऊन सरळ रस्त्यावर गेल्या. भर दुपार. पॅनेल छातीशी उघडून सूर्याकडे तोंड करून उभ्या. रिक्षावाले वळून बघायला लागले. एक माणूस तर थांबून विचारून गेला, दीदी, कशाची जाहिरात आहे. दुकानदार आतून बोलवत होता, त्या त्यालाच बाहेर बोलवत होत्या. शेवटी तो बिचारा उघड्या डोक्यानं येऊन उभा राहिला आणि दोघांनी मिळून मोबाइलवरचं चार्जिंगचं चिन्ह येतं का ते बघितलं. ते येत होतं, जात होतं. मॅडमनी ते पॅनेल परत केलं, थोडं मोठं मागितलं, आणि पुन्हा रस्त्यावर. जाताना दुकानदार मला हळूच म्हणाला, तुमच्या मॅडमना कूलर घ्यायचा असेल तर दुसरीकडे पाठवा.

मग ब्राह्मणपाऱ्याच्या गच्चीवर प्रयोग सुरू झाले. मॅडमच्या गच्चीवर उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे असायचेच. त्यातच एका बाजूला पॅनेल. पहिल्याच दिवशी त्यांनी पॅनेलला टॅब सरळ जोडला. ढग आला की चार्जिंग बंद, ढग गेला की चालू, आणि दर वेळी टॅब डोळे उघडून बघायचा, स्क्रीन लागायची. संध्याकाळी बघतो तर सकाळपेक्षा कमी. मॅडम हसून हसून जिन्यात बसल्या. मिळकत येते ती पाहण्यातच खर्च करते हा, म्हणाल्या. तेव्हापासून नियम झाला, की ऊन पॉवरबँकेला द्यायचं आणि टॅबला पॉवरबँकेनं द्यायचं. दुसऱ्या दिवशी पॉवरबँक पॅनेलशेजारीच तापत पडली आणि चटका बसेल इतकी गरम होऊन बंद पडली. मग दुसरा नियम झाला. तो त्यांनी मला असा शिकवला:

"हे पाय पोट्टी. पॅनेल म्हणजे वाळवण आहे. ऊन फिरलं का ते फिरवायचं, सावली आली का उचलायचं. अन् बॅटरी म्हणजे लोणचं. तिले थंड्या जागी झाकून ठेवायचं. वाळवणाचं लोणचं केलं अन् लोणच्याचं वाळवण केलं, का दोन्ही गेलं."

मी विज्ञानाची पदवीधर. मला हे व्होल्ट-अँपिअरमध्येही येत होतं, आणि मॅडमलाही येत होतं. त्यांनी भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलेलं होतं. पण गावात जाऊन सांगायचं ते असं, हे त्यांचं ठरलेलं. टॅबसाठीही त्यांचे कायदे होते. उजेड निम्मा ठेवायचा, बाकी सगळं बंद करायचं, झोपडीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचं, आणि फिल्म संपली की लगेच झोपवायचा. कोणी उगीच स्क्रीनला बोट लावलं की त्या हात झटकायच्या. "झोपलेल्या लेकराले उठवायचं नाही."

दौऱ्याची वेळ आली ती पाऊस ओसरतानाची. ऊन होतं, पण मधूनमधून. गाव जंगलात, घरं लांबलांब, आणि प्रत्येक अंगणावर मोहाची नाहीतर चिंचेची सावली. आम्ही उतरलो ते सुकवारो दाईंकडे. इकडे दाई म्हणजे आई. फिल्ममधली आजी म्हणजे याच. गावात त्यांना त्यामुळे फार भाव आला होता आणि त्या तो सोडत नव्हत्या. पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी दाईंच्या कौलांवर सगळ्यात चांगल्या उन्हात पॅनेल पसरलं, वायर खाली सोडली, पॉवरबँक माठाजवळ सावलीत ठेवली आणि दाईंना सांगितलं, की हे आमचं वाळवण आहे, जरा लक्ष ठेवा. आणि आम्ही दोघी पलीकडच्या पाड्यावर गेलो. तिथे फिल्मा लागल्या, बाया पुन्हा पुन्हा मागत गेल्या, मॅडमनीही हात सैल सोडला. वर कौलांवर ऊन तयार होत होतं ना.

दुपारनंतर परत आलो. टॅबमध्ये थोडंच उरलेलं, बरोबर नेलेली दुसरी पॉवरबँकही संपलेली. मॅडमनी माठाजवळच्या पॉवरबँकेचं बटन दाबलं. एकही दिवा लागला नाही. वायर बघितली, ती बरोबर होती. मग आम्ही वर बघितलं. पॅनेलवर दाईंनी जुनं सुती लुगडं दुहेरी करून नीट पसरलं होतं. चारी कोपऱ्यांवर दगड.

आपण सगळ्याच करतो तसं. वाळवण घातलं की वर पातळ कापड घालायचं. पाखरं, धूळ, कावळे. माझी आई करते, मॅडमही गच्चीवर पापडांना करायच्या. वाळवण म्हणून सांगितलं, दाईंनी वाळवणासारखं सांभाळलं.

"चिरई मन बीट कर देतिन दीदी," दाई म्हणाल्या, "तेकर सेती ढांक देंव." पाखरांनी घाण केली असती, म्हणून झाकलं. आणि त्या कौतुकाची वाट बघत उभ्या राहिल्या.

मी मॅडमकडे बघायची हिंमत केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब येणार होते. टॅबमध्ये एक फिल्म पुरी होईल इतकंही नव्हतं, आणि आभाळात ढग. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग त्या अंगणात खाटेवर बसल्या आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. दाईंनाही हसू आलं, कशाला ते न कळता.

"चूक माही आहे," मॅडम मला म्हणाल्या. "मीच म्हटलं ना वाळवण. बाईनं झाकलं नसतं तर मले तिची लाज वाटली असती."

मग त्यांनी दाईंना सगळं समजावून सांगितलं, छत्तीसगडीत, न लपवता. हे पापड नाहीत, हे ऊन खातं. उद्या साहेब येणार. टॅब चालू दिसला नाही, तर तुमची फिल्म या गावात पुन्हा येणार नाही. दाईंनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आपली फिल्म जाणार म्हणजे काय. त्या हव, म्हणजे हो, म्हणाल्या आणि उठून पाड्यातल्या बायांना सांगायला निघाल्या.

सकाळी आम्ही उठलो तर कौलांवर पॅनेल नव्हतं. मी अंगणात धावले. दाईंनी हात करून दाखवलं. पाड्याच्या त्या टोकाला पहिलं ऊन पडतं, तिथल्या अंगणात पॅनेल उघडून धरलेलं, आणि शेजारी एक बाई गवताच्या काडीनं माश्या हाकत बसलेली. पॉवरबँक मडक्यात घालून सावलीत. तिच्या अंगणात चिंचेची सावली आली की तिनं पॅनेल पुढच्या घरी पोचवलं. तिथून पुढच्या. ढग आला की सगळ्या ढगाला शिव्या द्यायच्या. कोणी जेवायला उठलं तर दुसरी बसायची. बडी, म्हणजे डाळीचे सांडगे, वाळवताना हे लोक असंच करतात, ज्याच्या अंगणात ऊन त्याच्या अंगणात सगळ्यांच्या परड्या. मॅडमनी फक्त मागे मागे फिरायचं आणि गप्प राहायचं काम केलं, जे त्यांना सगळ्यात जड गेलं असावं.

पॅनेल पाड्यातून असं फिरत होतं, तेव्हाच साहेबांची गाडी आली. साहेब उतरले, घाम पुसला आणि पहिला प्रश्न विचारला, टॅब चालू आहे का. मॅडमनी त्यांना झोपडीत नेलं. कोपरा अंधारा होता. सकाळपासून उन्हावर भरलेली एक पॉवरबँक जोडून टॅब लावला. सुकवारो दाई पडद्यावर बाळाला उराशी धरून बसलेल्या, आणि खाली खऱ्या दाई पहिल्या रांगेत, स्वतःकडे बघत. फिल्म सुरू झाली, संपली. दुसरी सुरू झाली, संपली. बाया म्हणाल्या पुन्हा लावा. पुन्हा लावली. साहेब मान हलवत होते. मग ते खिसा चाचपत, जरा संकोचून म्हणाले, की माझा मोबाइल गाडीत येतायेताच बंद पडला. जरा लावता का.

मॅडमनी दाराबाहेर बोट दाखवलं. म्हणाल्या, "हाँ सर. लेकिन पहले उस आँगन में बैठना पड़ेगा. धूप घूमी, तो पैनल उठाना है."

आणि साहेब बसले. मी स्वतः बघितलं. एका बाईनं त्यांना माश्या हाकायला गवताची काडीसुद्धा दिली.

मॅडम त्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला निघाल्या, नागपूरला. मी त्यांना रायपूर स्टेशनवर सोडायला गेले. मे महिना होता. डब्यात प्रत्येक जण सावलीची बाजू धरायला धावत होता, आणि मॅडम एका घामाघूम गृहस्थांना हात जोडून सांगत होत्या, भैया, तुम्ही माझ्या जागेवर बसा, मले उन्हाची खिडकी द्या. त्या माणसाला ही बाई चेष्टा करते असं वाटलं. मग तो एकदम उठला, त्यांचं मन बदलायच्या आत. मॅडमनी पिशवीतून पॅनेल काढलं, खिडकीच्या गजांना लुगड्याच्या चिंधीनं बांधलं, पॉवरबँक सीटखाली सावलीत सरकवली. गाडी हलली. त्यांनी गजांतून हात बाहेर काढला. मला वाटलं मला हात करतात. त्या पॅनेलची एक घडी सरळ करत होत्या. मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं, आणि मी मोबाइल काढून त्यांना दाखवला. पूर्ण भरलेला होता.

टॅब जंगलातच राहिले. तक्ते पुन्हा कधी बांधले नाहीत. त्या भागातल्या प्रत्येक मितानीनकडे आज घडीचं पॅनेल आहे, ते तिचं तीच फिरवते, आणि फिल्म सुरू करायला रायपूरहून कोणाला जावं लागत नाही. त्या भागाचं काम आता माझ्याकडे आहे.